अडीच टन गारवा

लुइस्टन, मेन, १२ मे

प्रिय रेमी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. पत्ता तुझ्या नाताळच्या कार्डावरून घेतला. दरवर्षीचं कार्ड मम्मा फ्रिजच्या दारावर लावते, आणि दूध काढताना तिकडे नजर जाऊ नये याची पापा काळजी घेतात.

मी भांडण मिटवायला लिहीत नाहीये. मला तुझं कसब हवंय. तू ह्यूस्टनमध्ये लोकांची घरं गार करतोस आणि मला आपलं घर गार करायचंय.

मम्माची फुप्फुसं थकली आहेत. बुटांच्या कारखान्यात तीस वर्षं तळ चिकटवले, त्या गोंदाचं देणं आता ती खोकून फेडते. मागच्या ऑगस्टमध्ये उकाड्याने तिला इस्पितळात नेलं. या एप्रिलमध्ये न्यूमोनिया झाला, आणि तेव्हापासून ती नदीपलीकडच्या, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये आहे. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, "उन्हाळ्यात घर गार आणि कोरडं राहणार असेल तरच घरी पाठवीन. नाहीतर इथली खोली कायमची करू. दहा जुलैला ठरवू." मम्मा माझा हात धरून म्हणाली, "कोलेट, मला इथे सोडू नका गं. इथल्या वाटाण्याच्या सुपात नुसतं पाणी असतं."

खिडकीत बसवायचं यंत्र गेल्या वर्षी आणलं होतं. ते फक्त तिची खोली गार करायचं. स्वयंपाकघरात आली की धाप लागायची. "मी काय फ्रिजमधला बटाटा आहे?" असं म्हणायची. तिला पूर्ण घर हवंय.

तुला कदाचित कळलं असेल, मी पदवी घेतली. नगरपालिकेच्या ऊर्जा कार्यालयात नोकरी आहे. लोकांना घर तापवणाऱ्या तेलाच्या भट्ट्या सोडायला लावणं हे माझं काम. पापा चारचौघांत माझी ओळख करून देतात, "ही माझी मुलगी. माझा धंदा बंद पाडायला मीच हिला शिकवलं." म्हणून मी आधी म्हटलं, तळघरातली भट्टी काढूनच टाकू. गरम आणि गार दोन्ही करणारा नवा पंप बसवू. धूर नाही, टाकी नाही.

पापा म्हणाले, "फेब्रुवारीत बर्फ पडून तीन दिवस वीज गेली, तेव्हा तुझ्या आईला ऊब कोणी दिली?"

"भट्टीने."

"आणि भट्टीला वीज?"

"तुमच्या छोट्या जनरेटरने."

"तुझा पंप त्या जनरेटरवर चालेल?"

"नाही चालणार, पापा."

"मग तुझी पदवी भिंतीवर छान दिसते. तिथेच राहू दे."

मी दार आपटून तळघरात गेले. रागावले होते, पण त्या भट्टीसमोर उभं राहिल्यावर राग टिकेना. एक्याण्णव सालची आहे, माझ्यापेक्षा वयाने मोठी. बाहेरच्या पत्र्यावर पापांनी प्रत्येक सप्टेंबरच्या साफसफाईची नोंद पेन्सिलीने केली आहे. एकही वर्ष चुकलेलं नाही. वर्गात आम्ही अशा भट्ट्यांना आकडेवारीतला काळा रकाना म्हणायचो. त्या रकान्यामागे कोणी माणूस गुडघे टेकून बसलेला असतो, हे कोणी शिकवलं नव्हतं. मग मी वर येऊन त्यांना म्हटलं, "भट्टी राहू दे. तिच्यावरच गारवा बसवू." पापा म्हणाले, "पत्र्याचं काम मी करीन. यंत्रात गॅस भरायला परवाना लागतो, तो माझ्या दोस्ताकडे, आर्मंडकडे आहे."

चौतीस वर्षं त्यांनी लोकांची घरं गरम केली. गार एकही केलं नाही. म्हणून तुला विचारतेय. मापं सोबत जोडली आहेत. सहा वर्षांपूर्वी त्या गिऱ्हाइकाच्या, गॅग्नॉनच्या, तळघरात पापा तुला काय बोलले ते मला ठाऊक आहे. तू त्यांच्यासाठी लिहू नकोस. मम्मासाठी लिही.

तुझी,
कोलेट


३० मे

प्रिय रेमी,

तुझं पत्र आलं! एकच पान, त्यावर एक आकृती आणि खाली चार ओळी. पण कार्डावरच्या सहीपलीकडे तुझं अक्षर सहा वर्षांनी पाहिलं. मी ते ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून दोनदा वाचलं.

तू बजावलंस की म्हाताऱ्याला माझं नाव सांगू नकोस, मुद्दाम उलट करेल. मी नाही सांगितलं. "एका प्रशिक्षणात ऐकलं" असं म्हणून एकेक गोष्ट पुढे सरकवली. हवा गार करणारी कॉइल भट्टीच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बसवायची, कधीही खाली नाही, असं म्हटलं, तर पापा म्हणाले, "उघड आहे. खाली बसवली तर भट्टीला घाम सुटेल आणि दोन वर्षांत गंजेल." कॉइलखालचं पाण्याचं ताट धातूचं हवं म्हटलं, तर माझ्याकडे नवलाने बघितलं. "हे शिकवतात तुम्हाला? तेलाच्या आचेवर प्लॅस्टिकचं ताट जानेवारीत पापडासारखं वाकडं होईल. बरं शिकवतात की!" रेमी, मी लाजले. कौतुक तुझं होतं, घेतलं मी.

हवा परत ओढणारा पत्र्याचा मार्ग, म्हणजे डक्ट, मोठा करा, हेही सांगितलं. त्यांनी तासभर जिन्याखाली डोकं घालून मापं घेतली आणि म्हणाले, "या घराला आयुष्यभर नाक चोंदल्यासारखा श्वास घ्यावा लागला. माझ्याच हाताने केलेलं काम."

यंत्र किती टनाचं घ्यायचं ते पापा आणि आर्मंड बघताहेत. त्यांना अंदाज आहे.

मम्माला अजून तुझ्या पत्राचं सांगितलं नाही. तिच्या पोटात कुठलीच गोष्ट गुपित राहत नाही.

कोलेट


१६ जून

प्रिय रेमी,

तळघराचं सध्या डोनटचं दुकान झालंय. गावातले सगळे निवृत्त तेलवाले रोज सकाळी कॉफी-डोनट घेऊन खाली उतरतात आणि पापांना शहाणपण शिकवतात. काल म्हातारा ऑव्हिला जिन्यावर बसून म्हणाला, "नॉर्मंड, जन्मभर गावाला गरम केलंस, आता स्वतःच्या बायकोला गार करतोस?"

"तुझी तर मुळातच गार आहे," पापा पत्रा कापता कापता म्हणाले, "तुला खर्च नाही." सगळं तळघर खोखो हसलं. मी काळी वही घेऊन मापं लिहीत होते, मला न ऐकल्याचं सोंग करावं लागलं.

मी शनिवार-रविवार त्यांच्या हाताखाली आहे. त्यांचे गुडघे आता ऐकत नाहीत. खाली बसले की उठताना भट्टीला धरतात, आणि कोणी मदतीला आलं तर "पडलेला स्क्रू शोधत होतो" असं म्हणतात. पण हात, रेमी! पत्र्यावर एक रेघ मारतात, काठावर धरून दाबतात, आणि तो निमूटपणे वळतो. शिवणीवर ब्रशने लेप लावतात तेव्हा जीभ दातांत धरतात. दिवा बंद करून, आत बॅटरी लावून, फटीतून उजेड येतो का ते तपासतात. पेटी पूर्ण होईपर्यंत तीनदा उघडली. "कोण बघणार आहे आतून?" असं मी विचारलं. "हवा बघते," ते म्हणाले.

एक गोष्ट तुला सांगायचीच आहे. भट्टीच्या बाजूच्या पत्र्याला नव्या डक्टसाठी भोक पाडायचं होतं. जिथे खूण केली होती तिथे पेन्सिलीच्या नोंदी आहेत, आणि त्यांतल्या चार, तू पापांच्या हाताखाली होतास तेव्हाच्या, तुझ्या हातच्या आहेत, तुझ्या त्या तिरक्या 'आर'सह. पापा कात्री घेऊन उभे राहिले. मग खूण पुसली, भोक चार इंच पुढे नेलं, आणि त्यासाठी नवा तिरका तुकडा बनवला. अख्खी दुपार गेली. संध्याकाळी आपणहून म्हणाले, "इथे माप जास्त बरोबर येतंय." माप माझ्या वहीत होतं. ते आधीच बरोबर होतं.

तू विचारलंस, अडीचच घेतलं ना? यंत्र आलंय. मागच्या अंगणात लायलकच्या झुडपाजवळ सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलंय, दिसायला फार छान आहे. पुढच्या आठवड्यात आर्मंड गॅस भरेल.

कोलेट


२८ जून

रेमी,

खोटं बोलले म्हणणार नाही, पण खरं टाळलं. आता टाळून चालत नाही.

यंत्र चार टनाचं आहे.

तुझ्या पत्रातली चौथी ओळ, अडीच टनच, जास्त नको, ही मी पापांना कधी सांगितलीच नाही. ती सांगायला गेले त्या दिवशी ते आणि आर्मंड आधीच चार टनावर येऊन बसले होते. पापा म्हणाले, "मोठ्या भट्टीमुळे कोणी गारठून मेल्याचं ऐकलंय का? नेहमी एक आकडा वर." आर्मंडने मान डोलावली. त्यांना अडवायचं तर आकडा कोणाचा ते सांगावं लागलं असतं. शिवाय खरं सांगते, मलाही वाटलं, मम्मासाठी थोडं जास्तच असू दे. पदवीधर मुलगी, आणि शिकलेलं बाजूला ठेवून मनासारखं मानलं.

पहिल्या दिवशी यंत्र सुरू झालं आणि दहा मिनिटांत घर सत्तर अंश फॅरनहाइटवर आलं. बाहेर अठ्ठ्याऐंशी होतं. तेलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑव्हिला म्हणाला, "नॉर्मंड, आता तुला सायबेरियात नोकरी मिळेल." पापा इतके खूश होते की त्यांनी स्वतः डोनट आणले.

रविवारी मम्माला जेवायला घरी आणलं. दोन तासांची परवानगी होती. ती दारातून आत आली, हसली आणि म्हणाली, "अरे वा, चर्चच्या तळघरासारखं झालंय." तेव्हाच मला कळायला हवं होतं. घर गार होतं, पण ओलं. यंत्र पाच मिनिटं धावायचं, थांबायचं, परत धावायचं. फरशी पायांना चिकटत होती, मीठ डबीतून पडेना, खिडक्यांच्या कडांना पाणी. तू लिहिलं होतंस ते शब्दशः समोर होतं: मोठं यंत्र घर झटकन गार करून झोपी जातं, आणि पाणी हवेतच राहतं. हळूहळू चालत राहणारं यंत्रच हवा कोरडी करतं.

मम्मा सूप अर्धं टाकून खोकायला लागली. थांबेचना. पापांनी तिला उचलून गाडीत नेलं. नर्सने तिला परत ऑक्सिजन लावला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, घर असं असेल तर दहा तारखेची मीटिंग करायची गरजच नाही."

पापांना वाटतंय गॅस कमी भरलाय. रोज आर्मंडला बोलावतात. रोज तो म्हणतो, "गॅस बरोबर आहे, नॉर्मंड." ते भट्टीसमोर स्टूल टाकून बसतात आणि पाण्याचं ताट बघत राहतात. त्यांना चूक सापडत नाही, कारण ती त्यांच्या ज्ञानाबाहेर आहे. तिचं उत्तर माझ्या टेबलाच्या खणात आहे.

उद्या त्यांना तुझं पत्र देणार आहे. तू नको म्हणाला होतास. रागवायचं असेल तर रागव.

कोलेट


२ जुलै

प्रिय रेमी,

दिलं.

ते तळघरात होते. कागद हातात घेताच अक्षर ओळखलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचलं, मग पाठीमागे काही आहे का ते उलटून बघितलं.

"हे कधी आलं?"

"मे महिन्यात."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुम्ही चिडाल म्हणून."

"मग आता मी काय नाचतोय?"

मला रडू आलं. मी म्हणाले, मम्मा माझ्यामुळे परत गेली. त्यांनी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मग म्हणाले, "धातूचं ताट. मोठा डक्ट. ते तुझं प्रशिक्षण हे होतं होय?" मी मान डोलावली. "तरीच," ते म्हणाले, "नगरपालिकेत इतकं शिकवत नाहीत."

पुढे जे झालं ते तुला नीट सांगते. तुझ्याशी त्याचा संबंध आहे.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन नर्सिंग होममध्ये गेले. डॉक्टरबाई होत्या, दोन नर्स होत्या, मम्मा पलंगावर होती. पापा टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "घर ओलं झालं ती चूक माझी. मी यंत्र मोठं घेतलं. माझ्या मुलाने योग्य आकडा लिहून पाठवला होता. तो यातला जाणकार आहे. मला दहा तारखेपर्यंत वेळ द्या." तिथून आले ते थेट तळघरात, आणि डोनट खाणाऱ्या सगळ्यांना तेच सांगितलं. ऑव्हिलाने पहिल्यांदाच काही थट्टा केली नाही.

परतीच्या वाटेवर मी गाडीत गॅग्नॉनचा विषय काढला. सहा वर्षांत कोणी काढला नव्हता. तू मला सांगितलं होतंस की त्यांनी गिऱ्हाइकासमोर तुझी अब्रू घालवली. पापा म्हणाले, धुराड्याच्या नळाचा जोड तू सैल सोडला होतास आणि वर तीन लहान मुलं झोपलेली होती. हे तू मला सांगितलं नव्हतंस, रेमी. मी पापांची बाजू घेत नाहीये. कारण नंतर ते म्हणाले, "चूक दाखवली त्याचं मला वाईट नाही वाटत. पुन्हा दाखवीन. पण आधी त्याला जिन्यावर बोलावून सांगता आलं असतं. गॅग्नॉनला ऐकवायची गरज नव्हती. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस मोठ्याने बोलतो."

हे त्यांनी तुला सांगायला नाही सांगितलं. मी माझ्या जबाबदारीवर लिहितेय. आता तुझ्यापासूनही काही लपवायचं नाही, असं ठरवलंय.

अडीच टनाचं यंत्र इथे कुठेच शिल्लक नाही, सगळ्या मेन राज्यात उकाडा आहे. पापा आणि आर्मंड आज पोर्टलंडला गेलेत, चार टनाचं परत द्यायला आणि तिथे अडीचचं मिळतं का ते बघायला. कॉइलही बदलावी लागेल. म्हणजे पेटी पुन्हा नव्याने. आठ दिवस आहेत.

कोलेट


१० जुलै

प्रिय रेमी,

आज बाहेर चौऱ्याण्णव आहे. मी हे स्वयंपाकघरात बसून लिहितेय आणि कागद हाताला चिकटत नाहीये.

पोर्टलंडला अडीच टनाचं यंत्र मिळालं, आणि पेटी पापांनी पाच दिवसांत पुन्हा बनवली. जुनीतलं काही वापरलं नाही. मी म्हटलं, वरचा भाग चालेल की, तर म्हणाले, "चालेल आणि बरोबर बसेल यात फरक आहे." शेवटचे दोन दिवस ऑव्हिला आणि आणखी तिघे पत्रा धरायला आले. सत्तरीपुढचे चार म्हातारे, एका गार यंत्रासाठी घामाघूम. गुरुवारी सुरू केलं. घर पंच्याहत्तरला यायला दोन तास लागले आणि त्यानंतर ते थांबलंच नाही, नुसतं हळूहळू चालत राहिलं. ताटातून पाण्याची बारीक धार लागली. पापांनी तिच्याखाली बादली ठेवली. तासाभराने बादली उचलून सगळ्यांना दाखवत फिरले, जणू नदीतला मोठा मासा पकडलाय. "हे सगळं घरातल्या हवेत होतं. हे माझी जनीन श्वासात घेत होती."

काल डॉक्टरबाई स्वतः आल्या. भिंतीवर आर्द्रता मोजायचं यंत्र लावून अर्धा तास बसल्या, आणि पापांनी त्यांना सगळं तळघर फिरवून दाखवलं. जाताना म्हणाल्या, "माझ्या घराचं काम कराल का?"

"मुलगा सांगेल तसं करीन," पापा म्हणाले.

मम्मा आज सकाळी घरी आली. कायमची. आल्याआल्या तिने ऑक्सिजनची नळी मागे ओढत सगळ्या खोल्या पाहिल्या, प्रत्येक दारात थांबून. मग पापांना शेगडीपुढून हाकललं आणि स्वतः बकव्हीटच्या पिठाच्या पोळ्या करायला उभी राहिली. चार झाल्या तरी धाप नाही. पाचवी उलथताना म्हणाली, "नॉर्मंड, मला थोडी थंडी वाजतेय."

रेमी, तू त्यांचा चेहरा पाहायला हवा होतास. दोन आठवडे जो माणूस पाण्याचं ताट बघत झुरत होता, तो ताडकन उठला. चौतीस वर्षं गिऱ्हाइकांकडून हेच वाक्य ऐकून ते घराबाहेर पडलेत, यावर काय करायचं ते त्यांना झोपेतही ठाऊक आहे. स्वेटर आणला, पायमोजे आणले, शाल आणली. मम्मा म्हणाली, "पुरे रे, मी काय उत्तर ध्रुवावर चाललेय?" आणि दोघंही हसायला लागले. ती खोकली नाही.

जेवण झाल्यावर पापा माझ्याकडे आले. खिशातून चष्मा काढून पुसला, परत खिशात ठेवला. म्हणाले, "त्याला पत्र लिहिशील ना, तेव्हा एक विचार. या कॉइलवर पंख्याचा वेग किती ठेवावा?"

पंख्याचा वेग त्यांनी गुरुवारीच लावलाय. आर्मंडने तपासलाय, डॉक्टरबाईंच्या यंत्राने पास केलाय. त्यांना उत्तर माहीत आहे.

तरी ते विचारताहेत. लिही ना. आणि या वेळी पाकिटावर त्यांचं नाव टाक.

तुझी,
कोलेट